पाडव्याच्या आत

नाना चौगल्यांनी खोक्यातून चषक काढला आणि आमच्या बाहेरच्या सोप्यात मधोमध ठेवला. माझ्या कमरेला लागेल एवढा उंच. दोन्ही बाजूंना सोनेरी कान, वर लाथ उगारलेला पितळी खेळाडू आणि खाली काळ्या पट्टीवर माझ्या भावाचं नाव. कै. दिगंबर इंगवले स्मृती चषक.

"बघा की, वैनी," नाना आईला म्हणाले. "अख्ख्या कोल्हापुरात असला चषक न्हाई. फायनलला तुमच्याच हातनं द्यायचा. आमदारसाहेब सोता येणार हाईत."

आई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. तिनं चषकाकडं एकदा बघितलं आणि नानांसाठी चहा टाकायला आत गेली. आबा खुर्चीत ताठ बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी उजळलेलं दिसत होतं.

"फायनल कधी हाय, नाना?" मी विचारलं.

"बारा मे. दुपारी अडीचला."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. दिगू गेला तो आदल्या वर्षीच्या मे महिन्यात, अशाच एका भर दुपारच्या मॅचमध्ये. मैदानावर कोसळला आणि संध्याकाळी दवाखान्यात संपला. त्याच्या नावाची स्पर्धा हे लोक त्याच महिन्यात, त्याच उन्हात घेणार होते.

"मे महिन्यात?" मी म्हणाले. "नाना, तुमचं डोकं ठिकाणावर हाय का?"

"माला!" आबा ओरडले.

"असूंदे, असूंदे. पोरगी हाय," नाना हसले. ते आमच्या पेठेचे नगरसेवक आणि स्पर्धा समितीचे अध्यक्ष. हसणं हा त्यांचा धंदाच होता. "हे बघ पोरी, मे महिन्यात सुट्टी असती. पब्लिक येतंय. मार्चमध्ये पोरांच्या परीक्षा, एप्रिलमध्ये जत्रा. आणि बारा तारखेला साहेबांचा वाढदिवस हाय. साहेबांना दुपारचीच सवड हाय, संध्याकाळी त्यांचा सत्कार."

"म्हणजे माझ्या भावाच्या नावानं साहेबांचा वाढदिवस करायचा."

"तसं न्हवं गं..."

"मग कसं? उन्हानं मेलेल्या माणसाची आठवण उन्हातच काढायची? बुडून मेला असता तर विहिरीत पोहायच्या शर्यती लावल्या असत्यासा?"

नानांचं हसू गेलं. आवाज मात्र मऊच राहिला. "दिगूला ऊन बाधलं न्हवतं, माला. डॉक्टरांनी काय सांगितलं? हृदय बंद पडलं."

"हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतंय. जाताना कुणाचं चालू राहतंय?"

"पुरे!" आबा खुर्चीतून उठले. "त्याचं काळीज जन्मापासनं नाजूक होतं. आपल्याला कळलं न्हाई. उन्हाचा काय संबंध न्हाई. आम्ही काय उन्हात खेळलो न्हाई? नाना, फायनल बारा तारखेलाच. माझा शब्द हाय."

चहा घेऊन आलेली आई तशीच उभी राहिली. नाजूक काळजाचं हे आबांचं पालुपद आम्ही वर्षभर ऐकत होतो. दिगू लहानपणापासून निशाण तालमीच्या पोरांबरोबर धावायचा, पन्हाळ्याचा चढ एका दमात चढायचा, घरात गॅसचा सिलिंडर एका हातानं उचलायचा. नाजूक म्हणे.

आमच्याकडच्या फुटबॉलची गोष्ट बाहेरच्यांना सांगावी लागते. इथं पेठापेठांत जुन्या कुस्तीच्या तालमी आहेत आणि त्या तालमींचेच फुटबॉलचे संघ. दिवाळी झाली की हंगाम सुरू. कागदावर तो थंडीतच संपायला पाहिजे. पण मध्ये दोन तालमींची मारामारी होते, महिनाभर खेळ बंद पडतो. मग एखादी निवडणूक येते, मग कुणाचा तरी चषक मध्येच घुसतो. असं करत करत निम्म्या मॅच एप्रिल-मेमध्ये येऊन पडतात. दुपारी टणक मैदानावर उघड्या पायानं उभं राहता येत नाही, तिथं पोरं दीड-दोन तास धावतात. प्रेक्षक छत्र्या घेऊन बसतात. पाहुण्यांना मांडव असतो.

खेळाडूंना हे नको होतं. दिगू असल्यापासून त्यांची एकच मागणी होती. दसऱ्याला सुरू करा, गुढीपाडव्याच्या आत संपवा, आणि एप्रिल-मे दोन महिने मैदान बंद ठेवा.

नाना गेल्यावर मी चपला घातल्या आणि नियाजच्या गॅरेजमध्ये गेले. नियाज शिकलगार म्हणजे निशाण तालमीचा कॅप्टन आणि दिगूचा शाळेपासूनचा दोस्त. तो एका स्कूटरचं चाक काढून बसला होता.

"तारीख कळली?" मी विचारलं.

"कळली," तो वर न बघता म्हणाला.

"आणि तुम्ही खेळणार?"

"माला, मी न्हाई खेळलो तर दुसरा खेळंल. तालमीत पन्नास पोरं हाईत, निशाणची जर्सी एकदा अंगावर चढावी म्हणून जीव टाकतात."

"सगळ्यांनीच न्हाई म्हटलं तर?"

त्यानं पाना खाली ठेवला. "रविवारी तालमीत बैठक हाय. मी विषय काढतो. पाडव्याच्या आतचा. पोरं माझ्या मागं हाईत, तोफखाना तालमीचा कॅप्टन पण बोलणार हाय म्हणालाय. एकच हाय..." तो थांबला.

"काय?"

"आबांनी एक शब्द आमच्या बाजूनं टाकला तर काम होईल. मेलेल्याच्या बापापुढं नाना काय बोलणार?"

मी घरी येऊन आबांच्या मागं लागले. जेवताना, अंघोळीला जाताना, ते पेपर वाचत असताना. विनवण्या केल्या, भांडले. ते भिंतीसारखे बसून राहायचे. एकदाच म्हणाले, "खेळातलं तुला काय कळतंय?" आबा त्यांच्या काळात निशाणचे नावाजलेले बॅक होते आणि आता संघाचे ट्रेनर. पायात बूट नसताना खेळल्याच्या गोष्टी पेठेतले लोक अजून सांगायचे. त्यांच्यापुढं खेळातलं मला काय कळणार, हे खरंच. पण भाऊ माझाही होता.

रविवारी मी बैठकीला गेले. तालमीत बायका जात नाहीत. आत हनुमानाची मूर्ती, लाल मातीचा हौदा, बाजूला बैठकीची खोली. मी बाहेर पायरीवर उभी राहिले, उघड्या दारातून सगळं दिसत होतं. येणारे-जाणारे माझ्याकडं बघून आत जात होते. आबांनी बघितलं आणि मान फिरवली.

नियाजनं विषय चांगला मांडला. तो एरवी बोलका नव्हता, पण त्या दिवशी थांबला नाही. "आम्ही खेळाला न्हाई म्हणत न्हाई," तो म्हणाला. "आम्हाला थंडीत रोज खेळवा. दसऱ्याला शिट्टी मारा, पाडव्याच्या आत फायनल घ्या. उन्हाळ्यात जनावरं पण झाडाखाली बसतात, नाना."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. तोफखान्याचा कॅप्टन उठला आणि म्हणाला, त्याच्या तालमीला हे मान्य आहे. मग जुनी माणसं एकेक करून बोलायला लागली.

"दसऱ्याला मैदान ओलं असतंय."

"दिवाळीत पोरं गावाला जातात."

"मेमध्ये खेळलं न्हाई तर सुट्टीत पोरांनी करायचं काय? पत्ते?"

"आमच्या काळात असली नाजूक पोरं न्हवती."

"नाजूक?" नियाजचा आवाज फाटला. "दिगू नाजूक होता?"

सगळ्यांनी आबांकडं बघितलं. नानांनीही बघितलं. मी पायरीवरून दाराच्या चौकटीशी आले. मला खात्री होती की आता आबा बोलतील. घरात मला काय म्हणायचं ते म्हणू देत, इथं चारचौघांत, दिगूच्या दोस्तांसमोर, ते खरं बोलतील.

आबा सावकाश उठले.

"मी त्याचा बाप हाय," ते म्हणाले. "त्या दिवशी मी लाईनीवर होतो. माझ्या डोळ्यादेखत पडला. मी सांगतो, ऊन लागून कोण मरत न्हाई. माझ्या पोराचं काळीज कमजोर होतं. त्याच्या नावावर कुणी हंगाम बदलू नका. खेळ मेमध्ये होतोय, मेमध्येच होऊंदे."

एवढं बोलून बसले. नानांनी दोन्ही हात जोडून त्यांना नमस्कार केला. नियाज काही वेळ उभाच होता. मग तोही बसला. बापच असं म्हणतोय म्हटल्यावर त्यानं काय करायचं? विषय संपला. पुढचं बोलणं मांडव कुठं घालायचा यावर सुरू झालं.

परत येताना मी आबांच्या मागून चालत होते. पेठेतून, ओळखीच्या लोकांच्या रामरामांतून. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मला राहवलं नाही.

"आबा, तुम्ही त्याला दुसऱ्यांदा मारलंसा," मी म्हणाले.

ते थांबले. मागं वळले नाहीत. त्यांची पाठ मला दिसत होती, ताठ, बॅक खेळणाऱ्या माणसाची पाठ. मला वाटलं ते हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं. ते तसेच पुढं गेले.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. ताट वाढायचे, समोर ठेवायचे, निघून जायचे. आईनं मला समजावलं नाही. आई त्या वर्षात कुणालाच काही समजावत नव्हती. तिचा एकच प्रश्न असायचा, तोही आबांना. कधी भाकरी थापता थापता, कधी दिवा लावताना ती विचारायची, "जाताना काय बोलला का हो त्यो? काय तरी बोलला असंल." आबा म्हणायचे, "न्हाई. पडला तसाच बेशुद्ध." काही दिवस गेले की ती परत विचारायची.

बारा मे उजाडला. मी जाणार नव्हते. पण आई निघाली. नानांनी पाठवलेली नवी साडी तिनं नेसली नाही, स्वतःची जुनी निळी नेसली. तिला एकटीला त्या लोकांत कसं सोडायचं, म्हणून मी गेले.

मैदानावर पाय ठेवला तेव्हा तोंडावर भट्टीचं दार उघडावं तशी झळ आली. पाहुण्यांच्या मांडवात गाद्या, पंखे, बर्फाच्या टबात बुडवलेल्या थंड बाटल्या. साहेब आले, हार झाले, वाढदिवसाचा केक कापला. माझ्या भावाच्या फोटोला हार घातला तो साहेबांच्याच गळ्यातला, काढलेला. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. आईला साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. कुणीतरी तिच्या हातात थंड बाटली दिली, ती तिनं तशीच खाली ठेवली.

फायनल निशाण आणि तोफखान्याचीच होती. एवढा वेळ दोन्ही संघ रांगेत उन्हात उभे होते. साहेब प्रत्येकाशी हात मिळवत, फोटो काढत गेले. पोरं पाय बदलत उभी होती. एक पाय उचलायचा, मग दुसरा.

पहिल्या हाफमध्ये काही झालं नाही. खेळ कसला, पाय ओढत चाललेले. दुसऱ्या हाफला तोफखान्याचा एक फॉरवर्ड, अवधूत नावाचा, कॉलेजात जाणारा पोरगा, चेंडू घेऊन सुटला. चांगला सुटला. दोघांना चुकवलं. आणि मग तो वळला आणि आपल्याच गोलकडं धावायला लागला.

पब्लिक हसलं. शिट्ट्या वाजल्या. "आरं उलटं, उलटं!" लोक ओरडत होते. मांडवात साहेबसुद्धा हसले. पोराचे पाय एकमेकांत अडकत होते, तरी तो धावत होता. चेंडू कुठंच्या कुठं राहिला होता मागं.

हसला नाही तो एकच माणूस. निशाणच्या बाकावरून आबा उठले आणि मैदानात पळत सुटले. रेफ्रीची शिट्टी नाही, काही नाही. साठी ओलांडलेला माणूस, टोपी उडालेली, धोतराचा सोगा हातात. ते पोहोचायच्या आत पोरगा गुडघ्यावर आला. रेफ्री आणि दोन खेळाडू त्याला काखेत धरून उभा करायला लागले.

"उठवू नका!" आबा ओरडले. "त्याला उठवू नका! पाणी आणा! बर्फ आणा!"

मी कधी धावले मला आठवत नाही. मांडवातल्या टबाची एक कडी मी धरली, दुसरी नियाजनं. बाटल्या गाद्यांवर सांडल्या, साहेबांच्या पायावर बर्फाचं पाणी गेलं, कुणीतरी शिवी दिली. आम्ही टब उचलून मैदानाच्या मधोमध नेला.

आबांनी पोराची जर्सी फाडली होती. त्याचं अंग कोरडं होतं, हात लावला तर चटका बसेल असं. तो काहीतरी बडबडत होता, त्याला अर्थ नव्हता. आबांनी ओंजळीनं बर्फ घेतला, त्याच्या काखेत दाबला, मानेखाली दाबला, सगळं पाणी त्याच्या अंगावर ओतलं. आणि सगळा वेळ ते बोलत होते. आधी मला कळलं नाही काय बोलतायत. मग कळलं.

"पड लेका, पडून राहा. बाहेर जायचं आता. मी घेतो बाहेर. घेतो मी. तवा न्हाई घेतला. बाहेर घ्या म्हणाला न्हवं तू? आता घेतो..."

"आबा," नियाज म्हणाला. "कोण म्हणालं? दिगू?"

आबांचे हात थांबले नाहीत. "लाईनीवर आला," ते म्हणाले. आमच्याकडं बघत नव्हते. "थ्रो टाकायला आला. म्हणाला, आबा, डोळ्यापुढं काळं व्हायलंय, मला बाहेर घ्या. मी म्हणालो, इंगवल्याचं पोरगं मॅच अर्ध्यात सोडून बाहेर येत न्हाई. जा म्हणालो. पाठीत धपाटा घातला. गेला."

पोराच्या अंगावरचा बर्फ वितळत होता.

मी वर बघितलं तर आई उभी होती. मांडवातून एवढं मैदान चालून ती कधी आली कळलं नाही. तिनं सगळं ऐकलं होतं.

"वर्षभर विचारलं मी तुमास्नी," ती आबांना म्हणाली.

आबांनी मान वर केली नाही.

"वर्षभर. रोज. माझ्या लेकराचा शेवटचा शब्द तुम्ही लपवून ठेवलासा."

ती ओरडली नाही. रडली नाही. तिनं एवढंच म्हटलं आणि ती वळून मैदानाच्या दाराकडं चालू लागली, एकटी.

तेवढ्यात अँब्युलन्स आत आली. पोराला स्ट्रेचरवर घेतलं. त्याचे डोळे उघडे होते, त्यानं पाणी मागितलं. आबा त्याच्याबरोबर चढले, कुणी त्यांना उतरवलं नाही. गाडी अजून दारातून बाहेर पडली नव्हती, आणि स्पीकरवर नानांचा आवाज आला. "खेळाडू सुखरूप आहे. प्रेक्षकांनी शांतता राखावी. बदली खेळाडू घेऊन सामना पाच मिनिटांत पुन्हा सुरू होईल. साहेबांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं आहे."

माझ्या आयुष्यात मला इतका राग कधी आला नव्हता आणि त्यानंतरही आला नाही. मी मांडवाकडं चालत गेले. धावले नाही. टेबलावरचा चषक उचलला. जड होता, दोन्ही हातांनी छातीशी धरावा लागला.

"माला, ठेव ते," नाना हळू आवाजात म्हणाले. "साहेब बसलेत."

"साहेबांना सांगा, माझ्या भावाचं नाव पाहिजे असंल तर बूट घालून मैदानात या. पाच मिनिटं पळून दाखवा. मग देतो चषक."

"पोरी, भान ठेवून बोल."

"भान तुम्हाला हाय? माणूस मरता मरता वाचला आणि तुम्ही बदली मागतायसा? पट्टीवरचं नाव काढा. तुमचं घाला, साहेबांचं घाला. इंगवल्याचं नाव तुम्हाला उन्हात नाचवायला देणार न्हाई!"

माईक चालू होता. ते मला नंतर कळलं. माझं बोलणं सगळ्या मैदानानं ऐकलं. साहेब उठले आणि आपल्या माणसांबरोबर गाडीकडं गेले. पब्लिकमधून आरडाओरडा झाला, कुणी माझ्या बाजूनं, कुणी मला शिव्या घालत. मॅच बघायला आलेल्यांना मॅच पाहिजे होती.

रेफ्रीनं शिट्टी तोंडात घातली. नियाजनं त्याच्याकडं बघितलं, दंडावरची कॅप्टनची पट्टी काढली आणि तो मैदानावर बसला. मग तोफखान्याचा कॅप्टन बसला. मग एकेक करून सगळे, दोन्ही जर्सी मिसळून. जमीन तापलेली होती, बसवत नव्हतं, तरी बसले. एक बाटली मैदानात येऊन फुटली. ते हलले नाहीत.

ती मॅच झाली नाही.

अवधूत वाचला. चार दिवसांनी घरी आला. त्याचे आई-वडील पेढे घेऊन आमच्याकडं आले आणि त्याचे वडील आबांच्या पाया पडायला वाकले. आबा मागं सरकले, भिंतीला जाऊन टेकले. आई आतून आली नाही. त्या दिवसानंतर ती आबांशी एक शब्द बोलली नाही, आबा जाईपर्यंत. त्यांचं सगळं केलं, औषधं दिली, अंघोळ घातली. बोलली नाही.

पाऊस सुरू झाला, मैदानाला कुलूप लागलं. समितीनं पुढच्या हंगामाच्या तारखा काढल्या. शेवट पुन्हा मेमध्येच. नानांनी चषकाला आपल्या वडिलांचं नाव दिलं. निशाणनं नियाजला वर्षभर खेळायला बंदी घातली, शिस्तभंग म्हणून.

त्या श्रावणात आबा एका संध्याकाळी टोपी घालून माझ्यासमोर उभे राहिले. "तोफखान्यात जाऊन येतो," म्हणाले. "त्यांच्या तालमीत सांगतो काय झालं ते. मग बाकीच्या तालमींत."

"मी येतो," मी म्हणाले.

लोकांना वाटलं, लेक म्हाताऱ्याला आधार द्यायला बरोबर जाते. मी आधार द्यायला जात नव्हते. मला ऐकायचं होतं. तालमीच्या पायरीवर मी उभी राहायची आणि आबा आत जाऊन सांगायचे. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, "पोरगा म्हणाला त्रास होतोय, माझ्या लक्षात आलं न्हाई."

मी बाहेरून म्हणाले, "आबा, पुरतं सांगा."

सगळे वळून माझ्याकडं बघायला लागले. आबांनी टोपी काढून हातात घेतली. मग त्यांनी पुरतं सांगितलं. बाहेर घ्या म्हणाला ते, इंगवल्याचं पोरगं ते, धपाट्याचं ते. आणि शेवटी, "त्याचं काळीज चांगलं होतं. मी खोटं बोललो. उन्हात मी ढकलला त्याला. तुम्ही तुमच्या पोरांना ढकलू नका. पाडव्याच्या आत संपवा."

एका तालमीत त्यांना चहा मिळाला. एका ठिकाणी, "पोराच्या मढ्यावर राजकारण करतोय थेरडा," असं तोंडावर म्हणाले. नानांनी पेठेत पसरवलं की इंगवल्याचं डोकं फिरलंय. आबा जात राहिले. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य, तोच धपाटा. पुढं पुढं मला बाहेरून काही म्हणावं लागलं नाही. मी तरीही जात होते.

त्या हंगामात मार्च संपला आणि तोफखान्यानं एप्रिलची मॅच खेळायला नकार दिला. मग दुसऱ्या तालमीनं दिला. निशाणच्या पोरांनी नियाजवरची बंदी उठवल्याशिवाय जर्सी घालणार नाही म्हणून सांगितलं. समितीनं दंड केले, धमक्या दिल्या, दोन तालमींना बाद ठरवलं. मे महिन्यात खेळायला संघच उरले नाहीत. त्यापुढच्या वर्षी तारखा आपोआप दसऱ्याला आल्या आणि फायनल पाडव्याच्या आधीच्या रविवारी झाली. मैदान दसऱ्याला ओलं नव्हतं. पोरं दिवाळीला गावाला गेली नाहीत. पब्लिक नेहमीपेक्षा जास्त आलं. नानांनी भाषणात सांगितलं की हा निर्णय समितीनं खेळाडूंच्या हितासाठी घेतला.

आबा त्यानंतर काही वर्षांनी गेले. मी त्यांना माफ केलं का, असं नियाजनं मला एकदा विचारलं. मी म्हणाले, माहीत नाही. खरंच माहीत नाही. त्यांनी केलं ते करायला छाती लागते, हे मला कळतं. पण दिगू लाईनीवर आला होता. स्वतःच्या पायांनी आला होता.

अजून मे महिन्यात दुपारी कामानं निघाले की मी मैदानावरून जाते. दाराला कुलूप असतं. जाळीतून आत दिसतं, रिकामं, पांढरं ऊन. गोलच्या खांबाच्या सावलीत एखादं कुत्रं झोपलेलं असतं. लोकांना वाटतं, ते बघून मला बरं वाटत असेल. मला राग येतो. जाळीला धरून उभी राहते आणि जिवाचा नुसता संताप होतो. एवढंच तर करायचं होतं. एक कुलूप लावायचं होतं.